पाळीचं कॅलेंडर आणि वनस्पतीतलं इस्ट्रोजेन

मैत्रिणींनो, शिराळ्यात खरिपात सोयाबीन घरोघरी असतं, जवसाची चटणी ताटात असते. या दोन्हींत इस्ट्रोजेनसारखं काम करणारी द्रव्यं असतात: सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन, जवसात लिग्नन. शरीरातल्या इस्ट्रोजेनपेक्षा ती बरीच सौम्य असतात.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून इस्ट्रोजेन हळूहळू वाढतं आणि बीज सुटण्याआधी सर्वात वर जातं. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं. यावरूनच ‘पहिले चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया’ ही पद्धत पसरली. या बिया पौष्टिक आहेत, बिनधास्त खा. पण तारखा पाळल्याने हार्मोन ताळ्यावर येतात याला भक्कम पुरावा नाही.

वेळेपेक्षा हे महत्त्वाचं:

🌱 जवस भाजून कुटून खा. अख्खे दाणे बरेचसे न पचता बाहेर पडतात.

🌱 थायरॉईडची गोळी घेत असाल तर सोयाबीन आणि गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. सोयामुळे गोळी कमी शोषली जाते.

🌱 स्तनाचा कर्करोग झालेला असेल, गरोदर असाल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर शतावरीसकट कोणतंही चूर्ण किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पाळी सलग तीन महिने आली नाही किंवा रक्तस्राव फार होत असेल, तर बियांवर वेळ घालवू नका. सरळ उपजिल्हा रुग्णालयात किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.