कंपनीचे वकील शिकतात, आपण केव्हा शिकणार?

भंडारा जिल्ह्यात मोठे कारखाने बोटांवर मोजण्याइतके. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, गडेगावला अशोक लेलँड, जवाहरनगरला आयुध निर्माणी आणि तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मॉइलच्या मँगनीज खाणी. मोठ्या कंपनीभोवती नेहमीच लहान माणसांचा गोतावळा उभा राहतो. कोणी लेथवर सुटे भाग करून देतो, कोणी वेल्डिंगचे काम घेतो, कोणाच्या मालकीचे दोन ट्रक असतात, कोणी कामगारांचे गणवेश शिवून देतो. आपल्या समाजातील अनेक कारागिरांचे घर अशाच कामांवर चालते. पितळी भांड्यांचे गाव म्हणून ज्या भंडाऱ्याची ओळख, तेथील कसबी हातांना आज घरच्या गिऱ्हाइकापेक्षा कंपनीचे गिऱ्हाईक मोठे वाटते, आणि त्यात नवल नाही.

या गिऱ्हाइकाशी व्यवहार होतो तो परचेस ऑर्डरवर. पुढच्या पानावर मालाचे नाव, नग, दर आणि तारीख. एवढे आपण वाचतो. मागच्या पानावर बारीक इंग्रजी अक्षरांत वीस-पंचवीस अटी असतात. त्या आपण वाचत नाही. पैसे ९० दिवसांनी मिळतील, वाद झाला तर न्यायक्षेत्र मुंबईचे राहील, लवाद कंपनीच नेमेल, माल केव्हाही नापसंत करण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते, अशा प्रकारच्या त्या अटी. हे वर्णन कोणत्या एका कंपनीचे नाही. पण ज्यांनी दहा वर्षे पुरवठा केला आहे, त्यांना ते ओळखीचे वाटेल.

हे मागचे पान लिहिणारा माणूस कोण, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

पगारी वकील

तो कंपनीचा पगारी वकील असतो. कोठे त्याला कायदा अधिकारी म्हणतात, कोठे लीगल मॅनेजर, तर फार मोठ्या कंपनीत जनरल कौन्सेल. हा मनुष्य काळा कोट घालून कोर्टात उभा राहत नाही. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. नोकरी धरली की सनद बाजूला ठेवावी लागते. सतीशकुमार शर्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली विद्युत मंडळाच्या कायदा अधिकाऱ्याबाबत हेच सांगितले. कोर्टात जायची वेळ आली की कंपनी बाहेरचा वकील लावते. पगारी वकिलाचे खरे काम वाद होण्याआधीचे. करार लिहिणे, नोटिशीला उत्तर देणे, मालकाला धोका दाखविणे, आणि आपल्याला जे मागचे पान मिळते ते तयार करणे.

कोर्टातल्या वकिलाला बार रूम असते. तेथे चहा पिता पिता तो दहा सहकाऱ्यांकडून दहा गोष्टी शिकतो. कंपनीतला वकील एकटा पडतो. त्याच्या एका बाजूला हिशोबनीस, दुसऱ्या बाजूला खरेदी विभागाचा साहेब. कायदा जाणणारा दुसरा कोणी नाही. म्हणून या लोकांनी आपली निराळी बार रूम उभी केली. अमेरिकेत कंपनी वकिलांची संघटना १९८२ मध्ये स्थापन झाली आणि पुढे जगभर पसरली. भारतातही जनरल कौन्सेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांची संघटना आहे. मुंबई, दिल्ली, बंगळुरूच्या मोठ्या हॉटेलांत त्यांच्या एक-दोन दिवसांच्या परिषदा भरतात. सकाळी एखाद्या निवृत्त न्यायमूर्तींचे किंवा नामवंत वकिलाचे भाषण, मग परिसंवाद, मग जेवण आणि कार्डांची देवघेव. खर्चाचा भार बऱ्याचदा वकिली फर्म उचलतात, कारण जेवणाच्या टेबलावरच त्यांना पुढची कामे मिळतात.

या परिषदांत पुष्कळसा देखावा असतो. पुरस्कार वाटले जातात, फोटो काढले जातात. पण देखाव्याकडे पाहून हसणाऱ्याने जेवणाच्या टेबलाकडे दुर्लक्ष करू नये. एक वकील दुसऱ्याला विचारतो, ‘हे कलम तुम्ही कसे लिहिता?’ आणि दुसरा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने पर्किन्स ईस्टमन प्रकरणात २०१९ साली ठरविले की वादाशी हितसंबंध असणाऱ्या पक्षाने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सार्वजनिक उपक्रमांच्या करारांतील असे एकतर्फी कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचा निर्णय दिला. असा निकाल लागला की या मंडळींच्या सभांत त्यावर चर्चा होते आणि करारांचे मसुदे दुरुस्त होऊ लागतात. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, तेव्हा ठेकेदारांशी करायच्या करारांचेही तेच. निरनिराळ्या कंपन्यांच्या ऑर्डरमध्ये एकच वाक्य एकाच सुमारास दिसू लागते, त्याचे गुपित बहुतेक येथे आहे. यात कट नाही, अभ्यास आहे.

कंपनी सेक्रेटरींची तऱ्हा तर आणखी शिस्तीची. त्यांच्या संस्थेचा चॅप्टर नागपुरात आहे, आणि चालू व्यवसायातल्या सदस्याला दरवर्षी अभ्यासवर्गांतून ठराविक गुण मिळवावेच लागतात. अमेरिकेच्या बहुसंख्य राज्यांत वकिलांनाही असे तास भरणे सक्तीचे आहे. आपल्या देशात वकिलांवर तशी सक्ती नाही, तरीही कंपनीचे वकील स्वतःहून जातात. फायदा असल्याशिवाय कोण जाईल?

दादा अब्दुल्लांचा नवशिका वकील

व्यापाऱ्याने स्वतःसाठी वकील ठेवावा आणि त्या वकिलाने व्यापार शिकावा, याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. पण ते या दृष्टीने आपण पाहत नाही. दक्षिण आफ्रिकेतील दादा अब्दुल्ला आणि कंपनी ही पोरबंदरच्या मेमन व्यापाऱ्यांची पेढी. तिने १८९३ मध्ये एका तरुण बॅरिस्टरला एक वर्षासाठी १०५ पौंड, जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे आणि राहण्याचा खर्च देऊन बोलावले. पेढीचे कोर्टातले मोठे वकील वेगळे होते. या तरुणाने त्यांना मालकाची बाजू समजावून द्यायची आणि इंग्रजी पत्रव्यवहार पाहायचा, असे काम होते. आजच्या भाषेत कंपनीचा पगारी वकीलच. त्याचे नाव मोहनदास गांधी.

दावा तय्यबशेठ यांच्यावर, सुमारे ४०,००० पौंडांचा, आणि सारा हिशोबाच्या वह्यांवर व प्रॉमिसरी नोटांवर उभा. गांधीजींना जमाखर्च येत नव्हता, प्रॉमिसरी नोट म्हणजे काय तेही ठाऊक नव्हते. त्यांनी जमाखर्चाचे पुस्तक विकत आणले आणि वाचले. पेढीच्या मुनिमाकडून व शेठजींकडून व्यवहार समजून घेतला. मग दोन्ही बाजूंना लवादासाठी तयार केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. ३७,००० पौंड आणि खर्च. एवढी रक्कम एकदम भरावी लागली असती तर तय्यबशेठ दिवाळखोर झाले असते, म्हणून लांब मुदतीचे हप्ते बांधून देण्यात आले. अब्दुल्लाशेठ फार शिकलेले नव्हते. पण वकिलावर खर्च केव्हा करावा आणि वाद केव्हा मिटवावा, हे त्यांना कळत होते.

आज भंडाऱ्यातल्या लेथवाल्याला पगारी वकील ठेवणे शक्य नाही, हे उघड आहे. पण मागच्या पानाला कायद्याने जी उत्तरे दिली आहेत, ती माहीत असणे शक्य आहे.

कायद्यात काय आहे

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा. त्यातली मुख्य गोष्ट अशी की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ही मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. मागच्या पानावर ९० दिवस छापले असले तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते. म्हणजे तीन महिन्यांनी फोनवर कळविलेल्या ‘रिजेक्शन’ला फारसा अर्थ राहत नाही, मात्र त्यासाठी डिलिव्हरी चलानावर तारखेसह पोच घेतलेली असावी लागते. आपले बहुतेक दावे याच एका कागदापाशी अडतात.

उशीर झाला तर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. वाद सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे नेता येतो. आधी सलोखा, तो न झाल्यास लवाद. येथे न्यायक्षेत्र पुरवठादार जेथे आहे तेथले चालते, खरेदीदार देशात कोठेही असो. करारात निराळा लवाद लिहिलेला असला तरी परिषदेचा मार्ग बंद होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाली फूड्स प्रकरणात दिला. परिषदेचा निवाडा विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला त्यावर कोर्टात जायचे असले, तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. निकालासाठी कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे. ती बहुधा पाळली जात नाही, हेही सांगितले पाहिजे. अर्ज ऑनलाइन करता येतो.

पण हे संरक्षण कोणाला? माल स्वतः बनविणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली, परंतु बँकांच्या प्राधान्य कर्जापुरतीच. नुसता माल घेऊन विकणाऱ्याला थकबाकीच्या या कलमांचा आधार नाही. आपल्या बाजारात यावरून मोठा गैरसमज आहे. नोंदणीचा कागद दुकानात टांगला म्हणजे परिषद दार उघडेल असे नाही. उलट जो खरोखर घडवितो, त्याने पुरवठा सुरू करण्याआधीच नोंदणी करून ठेवावी. वाद उद्भवल्यावर केलेल्या नोंदणीने नवीन भांडण उभे राहते. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असणारा उद्योग सूक्ष्म गणला जातो, म्हणजे आपला कारागीर त्यात आरामात बसतो.

कंपनीच्या पगारी वकिलाला हे सारे पाठ असते. ४५ दिवसांपलीकडची लहान उद्योगांची थकबाकी दर सहा महिन्यांनी सरकारला कळविण्याचे बंधन कंपन्यांवर जानेवारी २०१९ पासून आहे. वित्त कायदा २०२३ ने अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करण्यास मनाई केली, म्हणजे उशिराचा फटका कंपनीच्या प्राप्तिकरात बसू लागला. म्हणून बिलाच्या तगाद्यात उद्यम क्रमांक आणि माल स्वीकारल्याची तारीख स्वच्छ लिहिली, तर ते पत्र खरेदी विभागाच्या टेबलावर न थांबता कायदा विभागापर्यंत जाण्याची शक्यता वाढते.

गोड बोलण्यापासून सावध

कंपनीचा वकील बहुधा सभ्य असतो. ‘औपचारिकता आहे, सही करा’ असे तो हसून सांगतो. पण तो आपला वकील नाही, आणि त्याला सांगितलेली गोष्ट गुप्त राहत नाही. खुद्द त्याच्या कंपनीलाही वकील-पक्षकार गुप्ततेचा पूर्ण आडोसा त्याच्यामार्फत मिळत नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पगारी वकिलाला वकिली करणाऱ्या अधिवक्त्याचे संरक्षण लागू नाही, कायदेविषयक सल्लागाराला मिळते तेवढे मर्यादित संरक्षण आहे. विशेषतः अर्धे पैसे घेऊन ‘पूर्ण व अंतिम हिशोब मिळाला’ अशा कागदावर सही मागितली तर थांबावे. दडपणाखाली सही झाली हे सिद्ध करता येते, असे बोघारा पॉलिफॅब प्रकरणातील २००८ च्या निकालावरून दिसते, पण सिद्ध करण्याचे ओझे आपल्याच खांद्यावर येते. आणि बाकीच्या थकबाकीसाठी तीन वर्षांची मुदत डोळ्यासमोर ठेवावी. मुदत उलटलेली रक्कम परिषदेपुढे सलोख्याला नेता येईल, लवादात ती अडेल, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सोनाली पॉवर इक्विपमेंट्स प्रकरणात म्हटले आहे.

हे एकट्याने शिकणे कठीण. कंपनीचे वकील एकत्र बसतात, तसे तुमसर, पवनी, साकोली, भंडाऱ्याच्या पुरवठादारांना तीन महिन्यांतून एकदा बसायला काय हरकत आहे? पंचतारांकित हॉटेल नको, शाळेचे सभागृह पुरे. जिल्हा उद्योग केंद्राच्या अधिकाऱ्यांना बोलवावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कायदेविषयक शिबिरे घेते. विषय आपण सुचवावा. एखाद्या वकिलाने प्रत्येकाच्या हातातली खरी परचेस ऑर्डर घेऊन मागचे पान मराठीत वाचून दाखवावे. अर्धा दिवस जाईल, मजुरी बुडेल, हे मान्य. एका बुडालेल्या बिलापेक्षा ती कमीच असते.

आणि आपली मुले-मुली? बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. नागपूरजवळ वारंगा येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला क्लॅट परीक्षेतून प्रवेश मिळतो, इतर विधी महाविद्यालयांना राज्याची सी.ई.टी. आहे. कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास बाहेरून करता येतो, त्यामुळे मुलगी घरी राहूनही तो पुरा करू शकते. ठराविक भांडवलाच्या वरच्या कंपन्यांना पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी ठेवणे कायद्याने भागच आहे. कारखान्यात फिटर म्हणून मुलाला चिकटवायला आपण शंभर ठिकाणी शब्द टाकतो. त्याच कारखान्याच्या कायदा विभागातली खुर्ची कोणत्या परीक्षेने मिळते, ते एकदा विचारून पाहावे.