जमिनीलगत आल्यावर विमान ‘तरंगते’ का?

परभणीत प्रवासी विमानतळ नाही. विमान पकडायचे तर परभणीकर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतात. तिथे उतरताना अनेकांना एक अनुभव येतो. धावपट्टी अगदी खाली दिसते, आता चाके टेकणार असे वाटते, तरी विमान काही क्षण तरंगतच राहते. यामागे आहे ‘ग्राउंड इफेक्ट’.

नेमके काय घडते?

पंखाखाली हवेचा दाब जास्त आणि वर कमी असतो. त्यामुळे विमान उचलले जाते. मात्र पंखांच्या टोकांशी खालची हवा वळसा घालून वर जाते आणि मागे भोवरे तयार होतात. त्यातून विमानाला मागे खेचणारा अवरोध निर्माण होतो. त्याला ‘इंड्यूस्ड ड्रॅग’ म्हणतात. वेग कमी असताना, म्हणजे उड्डाण करताना आणि उतरताना, तो जास्त असतो. जमीन जवळ आली की भोवऱ्यांना पुरेशी जागा मिळत नाही. ते कमजोर पडतात आणि हा अवरोध घटतो.

किती फरक पडतो?

हे पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीवर ठरते. पंख जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर असतील तर हा अवरोध फक्त १.४ टक्के घटतो. उंची लांबीच्या चौथा हिस्सा असेल तर २३.५ टक्के आणि दहावा हिस्सा असेल तर सुमारे ४८ टक्के. एअरबस ए-३२० निओची ही लांबी ३५.८ मीटर आहे. म्हणजे पंख जमिनीपासून साडेतीन मीटरवर आले की हा अवरोध जवळपास निम्मा होतो.

फायदा की धोका?

येलदरीसारख्या जलाशयांवर पाण्याला लागून उडणारे पाणकावळे याच परिणामाने श्रम वाचवतात. वैमानिकाला मात्र सावध राहावे लागते. उतरताना वेग जास्त असेल तर विमान तरंगत पुढे जाते आणि तेवढी धावपट्टी वाया जाते. उड्डाणावेळी पुरेसा वेग नसतानाही विमान जमीन सोडू शकते. पण वर जाताच अवरोध वाढतो आणि ते पुन्हा खाली बसू शकते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापलेली हवा विरळ होते. पंखांची उचल आणि इंजिनाची ताकद दोन्ही घटतात, त्यामुळे धावपट्टी जास्त लागते.

१९९३ चा धडा

२६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकाशी जेमतेम उचलले गेले. पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला त्याची चाके धडकली. पुढे ते वीजवाहिन्यांवर आदळून कोसळले. ११८ पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. ग्राउंड इफेक्ट हे या अपघाताचे कारण नव्हते. वैमानिकांनी विमान उशिरा उचलले आणि उड्डाणावेळी रस्त्यावरची वाहतूक थांबवली गेली नव्हती, असे चौकशीत पुढे आले.

पण धावपट्टीच्या टोकाशी थोडीशी उंची आणि थोडासा वेग किती मोलाचा असतो, हे त्या दिवशी दिसले. म्हणूनच भर उन्हात वजन कमी करण्यासाठी सामान किंवा प्रवासी मागे ठेवावे लागले, तर त्यामागे हेच गणित असते.