केटी असली तरी कोर्टवर

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात नाव लागलं की नेरूळ-वाशीच्या घरांत पेढ्यांआधी प्रश्न येतो, ‘केट्या किती?’, म्हणजे किती विषय राहिलेत? नापास मुलाला विद्यापीठ खेळू देत नाही, अशी पालकांची पक्की समजूत असते. ती खरी नाही. दोन-तीन विषय राहिलेला मुलगा विद्यापीठाच्या संघातून देशभर खेळू शकतो आणि सगळीकडे पहिला आलेला मुलगा एका तारखेवरून बाद ठरू शकतो.

आंतरविद्यापीठ स्पर्धांची सूत्रं असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या १९२५ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे आहेत. सगळे तिला ‘एआययू’ म्हणतात. तिच्या पात्रतेच्या नियमांचा गाभा असा: खेळाडू पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी हवा. अभ्यासक्रम पदवीचा किंवा किमान एक वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेचा हवा. पूर्णवेळ नोकरी चालत नाही. बारावी होऊन आठ वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला नको. त्या शैक्षणिक वर्षाच्या १ जुलैला वय १७ पूर्ण आणि २५ च्या आत हवं. एकाच वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, पण पदव्या दोन असल्या तरी जर्सी एकच.

किती टक्के मिळाले, यावर यातलं काहीच ठरत नाही.

ठरतं ते कागदांवर. जिमखान्यात पात्रता अर्ज भरायचा दिवस म्हणजे निम्मा दिवस झेरॉक्सच्या रांगेत. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, आठ वर्षं मोजण्यासाठी बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची फीची पावती, ओळखपत्र, फोटो आणि त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर त्याचा खुलासा वेगळा. ‘फिजिकल डायरेक्टर’ सर मुलाच्या उडीपेक्षा त्याची जन्मतारीख आधी बघतात, आणि त्यांचं बरोबर आहे. समजा, दोन मित्र २००३ सालचे. एकाचा वाढदिवस २० जूनला, दुसऱ्याचा २० जुलैला. १ जुलै २०२८ रोजी पहिल्याला २५ पूर्ण झालेली असतील, दुसऱ्याला नाही. वयात फरक महिन्याचा, पण दुसऱ्याला अख्खा एक हंगाम जास्त मिळतो.

नवी मुंबईत याला आणखी एक पदर आहे. वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय किंवा नेरूळचं एसआयईएस मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली येतं. तिथल्या मुलीला विद्यापीठाचा संघ गाठायचा तर शेकडो महाविद्यालयांतून वर यावं लागतं. नेरूळचंच डी. वाय. पाटील मात्र अभिमत विद्यापीठ आहे. त्याचा संघ त्याच्याच आवारातून निवडला जातो आणि थेट पश्चिम विभागाच्या स्पर्धेत उतरू शकतो. दोन्हीकडच्या दोघी मुली एकाच सेक्टरमध्ये राहणाऱ्या, संध्याकाळी एकाच कोर्टवर खेळणाऱ्या असल्या, तरी बारा जणींच्या संघापर्यंतची त्यांची वाट अगदी वेगळी. बारावीनंतर प्रवेश घेताना हा हिशेब फार थोडी घरं करतात.

मग अभ्यासाची अट नाहीच का? आहे, पण मागच्या दाराने. ‘पूर्णवेळ नियमित विद्यार्थी’ या तीन शब्दांत ती लपली आहे. एटीकेटीच्या मर्यादेत विषय राहिले तर पुढच्या वर्गात नाव लागतं, फी भरली जाते, बोनाफाइड मिळतं आणि खेळाडू पात्र राहतो. मर्यादा ओलांडली आणि इंजिनीअरिंगची मुलं म्हणतात तशी ‘वायडी’ (इयर डाउन) लागली, की वर्गात नावच राहत नाही. मग संघातलं नाव कुठून राहणार? एक केटी कुणाला बाद करत नाही, केट्यांची चळत करते.

दुसरी अट हजेरीची, आणि खेळाडूंना खरी टोचते ती हीच. मुंबई विद्यापीठाच्या ओ. ६०८६ या अध्यादेशानुसार सत्र भरायला सरासरी ७५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ५० टक्के हजेरी लागते. पूर्वपरवानगीने स्पर्धेला किंवा शिबिराला गेलेल्या विद्यार्थ्याचे बुडालेले तास त्यात धरता येतात. पण रोजच्या सरावाचं काय? आणि प्रवासाचं? सामना विद्यापीठाच्या मरीन लाइन्सच्या मैदानावर असला तर नेरूळहून सीएसएमटीपर्यंत हार्बरचा तासभर, पुढे टॅक्सी किंवा पायपीट. खेळ चाळीस मिनिटांचा, दिवस पूर्ण जातो. हजेरी कमी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागते तेव्हा नोटीस बोर्डाला हे सगळं माहीत नसतं.

अमेरिकेत सरळ गुणांवर बोट ठेवतात. तिथल्या कॉलेज खेळांची संघटना ‘एनसीएए’ हिने १९८३ मध्ये ‘प्रपोझिशन ४८’ मंजूर केला आणि १९८६ पासून लागू केला: ठरावीक विषयांत किमान सरासरी आणि प्रवेश-चाचणीत किमान गुण नसतील तर पहिल्या वर्षी खेळायचं नाही. चाचणीच्या अटीचा फटका गरीब, कृष्णवर्णीय मुलांना जास्त बसतो, असा आक्षेप लगेच आला. १९८९ मध्ये नियम आणखी कडक होऊ लागला तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन निषेध म्हणून सामना सुरू होताना कोर्ट सोडून निघून गेले. चाचणीची अट २०२३ मध्ये गेली. आज एनसीएएच्या सर्वांत वरच्या श्रेणीत (डिव्हिजन वन) खेळायला शाळेचे सोळा मुख्य विषय आणि त्यांत चारपैकी २.३ सरासरी लागते. पुढे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षाअखेर पदवीचा ४०, ६०, ८० टक्के भाग पुरा झालेला हवा.

मला त्यांची खरी आवडलेली गोष्ट पुढची. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूचे दर सत्राला दोन गुण मोजतात: एक कॉलेजात टिकल्याचा, एक अभ्यासात पात्र राहिल्याचा. त्यावरून संघाला हजारपैकी आकडा मिळतो. साधारण निम्मे खेळाडू पदवीधर होतील, असा अंदाज ९३० हा आकडा देतो, आणि संघ त्याखाली गेला तर शिक्षा अख्ख्या संघाला. कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ याच कारणाने २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेबाहेर बसला. पुढच्याच वर्षी परतला आणि विजेता ठरला.

पण गुणांची अट आली की गुण तयार करणारेही येतात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं फक्त कागदावरचे वर्ग चालले. व्याख्यान नाही, प्राध्यापक नाही, एक निबंध दिला की झालं. तीन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यांत खेळाडूंचं प्रमाण मोठं होतं. एनसीएएने २०१७ मध्ये शिक्षा केली नाही, कारण ते वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते. आपण हसायचं कारण नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी न खेळलेल्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं निघाली, हे आपण वाचलंच आहे.

म्हणून पात्रता अर्जात टक्क्यांची अट घालावी, असं मला वाटत नाही. केटीवाल्या मुलाला कोर्टवरून हाकललं तर तो ग्रंथालयात जाईल, ही भाबडी आशा आहे. बहुधा तो कॉलेजच सोडेल. हिशेब विद्यापीठाचा घ्यावा. बारा जणांच्या संघातले किती पदवीधर झाले, हा आकडा ‘अश्वमेध’ या राज्यातल्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवातल्या पदकांशेजारी दरवर्षी छापावा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या श्रेयांक रचनेत क्रीडेला सहअभ्यासक्रम म्हणून जागा मिळाली आहे. त्या श्रेयांकांत संघाचा रोजचा सराव मोजला, तर हजेरीचं निम्मं भांडण मिटेल.

तोवर खेळाडूंच्या आईवडिलांना एवढंच सांगणं: केट्या मोजा, पण त्याआधी जन्मतारीख आणि बारावीचं वर्ष यांवरून किती हंगाम उरलेत ते मोजा. आणि सामन्याला निघण्याआधी प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन तिची प्रत घरी ठेवा. हजेरीच्या वेळी उपयोगी पडते ती आधी घेतलेली परवानगी.