हिरव्या बुरशीची मशागत

हरभरा उगवून तीन-चार आठवडे झाले की मराठवाड्यातल्या रानांत एक तक्रार हमखास ऐकू येते, "मर लागली." ओळीतलं मधलंच एखादं रोप मान टाकतं, शेजारचं मात्र टवटवीत असतं. शेतकरी दुकानात जाऊन "मरीचं औषध द्या" म्हणतो आणि बाटली घेऊन येतो. पण मर काही एकच नसते. निदान तीन बुरशी या एका नावाखाली खपून जातात.

त्यातली कोणती, हे ओळखायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. रोप उपटून बघायचं. सोटमूळ अर्धं तुटून मातीतच राहिलं आणि हाती आलेला तुकडा कडकन मोडला, तर ती कोरडी मूळकुज. ऊन वाढलं, पाण्याचा ताण पडला की फुलं-घाट्यांच्या वेळी ती डोकं वर काढते. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तांबूस दाणे दिसले, तर मानकूज. अशा रानात ओल जास्त असते आणि न कुजलेला काडीकचराही. आणि मूळ वरून धडधाकट दिसत असेल, तर ब्लेडनं खोड उभं चिरायचं. आत मधोमध काळपट तपकिरी रेघ दिसते. हीच खरी मर, फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमची. ही बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजवते. त्यामुळे रानात ओल असूनही रोप तहानेनं मरतं. तिचे जाड कवचाचे बीजाणू हरभरा नसतानाही सहा-सहा वर्षं मातीत तग धरतात. रोप सुकल्यावर केलेली आळवणी म्हणून बहुधा वायाच जाते.

यावरचा एक उतारा बुरशीचाच आहे. ट्रायकोडर्मा ही मातीतलीच रहिवासी. ती दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालते आणि त्यांच्या भिंती विरघळवून आतला ऐवज फस्त करते. तिची ही शिकार 1932 मध्ये रिचर्ड वाइंडलिंग यांनी उजेडात आणली. मुळांवर आधी तीच वस्तीला आली, तर रोगाच्या बुरशीला जागाही कमी मिळते.

पण ती जिवंत आहे, तिला खायला लागतं. पेरणीच्या पंधरवडाभर आधी झाडाखाली शेणखताचा ढीग करतात. खत चांगलं कुजलेलं, भुरभुरीत हवं. कच्चं शेण आतून तापतं आणि त्यात ही बुरशी टिकत नाही. 100 किलो खतात किलोभर भुकटी मिसळायची आणि पाणी शिंपडायचं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, एवढीच ओल हवी. वर ओलं गोणपाट टाकायचं आणि तीन-चार दिवसांनी ढीग खोऱ्यानं वरखाली करायचा. आधी पांढरी जाळी धरते, मग ढीग हिरवट दिसू लागतो. या खटपटीचा कंटाळा करून भुकटी नुसती रानात फेकणारेच जास्त.

बियाण्याचं काम त्या मानानं सोपं. किलोला 5 ग्रॅम, म्हणजे एकराच्या 30 किलो बियाण्याला 150 ग्रॅम. ताडपत्रीवर हलक्या हातानं चोळायचं, कारण हरभऱ्याची साल लगेच सुटते. त्यानंतर गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियमचं जिवाणूखत लावायचं आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. खरा घात होतो तो एकाच घमेल्यात कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा कालवल्यावर. विकत आणलेली बुरशी शेतकरी आपल्याच हातानं मारतो.

हीच बुरशी अळिंबीच्या शेडमध्ये शिरली, तर मात्र तिथल्या माणसाला धडकी भरते. हिरवा डाग दिसला की ती पिशवी आधी बाहेर काढावी लागते. तिच्या दृष्टीनं अळिंबीही शेवटी एक बुरशीच.

मायकोरायझा ही दुसरी उपयोगी बुरशी, पण तिचा स्वभाव ट्रायकोडर्माहून निराळा. ती कुणाची शिकार करत नाही, मुळात घर करते आणि तिथून मातीत लांबवर तंतू पसरते. काळ्या रानात चुन्यामुळे स्फुरद जखडलेलं असतं आणि ते आपल्या जागेवरून फारसं हलत नाही. मुळाच्या कवेत न येणारं हे स्फुरद हे तंतू आणून देतात. मोबदल्यात झाड साखर आणि स्निग्ध पदार्थ पुरवतं. स्कॉटलंडमधल्या राइनी गावच्या दगडांत सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींतही अशा बुरशीच्या खुणा सापडल्या आहेत. हरभऱ्याला ही सोबत मानवते, कोबी-मोहरीच्या कुळाला नाही. त्यामुळे कोबीच्या वाफ्यात मायकोरायझाचा पुडा रिता करणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

ट्रायकोडर्माचा पुडा घेताना आधी तारीख बघा. ग्रॅममागे निदान 20 लाख जिवंत बीजाणू असावेत, असा आपल्याकडचा दंडक आहे; उन्हात तापलेल्या किंवा मुदत संपलेल्या पुड्यात ते उरत नाहीत. आणि गेल्या वर्षी रान मरीनं गेलं असेल, तर तिथं यंदा हरभरा नको, ज्वारी घ्या. हरभराच घ्यायचा झाला, तर विजय, दिग्विजय किंवा जाकी 9218 यांसारखं मर सोसणारं वाण निवडा आणि बीजप्रक्रिया चुकवू नका.