आईची 'अस्वलाची' गोळी आणि पावडरचा डबा

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. त्याच्या आईला पीबीसी, म्हणजे प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस आहे. उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी सुरू आहे, बहुधा कायमचीच. तो विचारतो, "रिपोर्ट सुधारलेत. आता गोळी बंद करून अँटिऑक्सिडंट पावडर दिली तर? शेवटी सगळं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळेच ना?"

नाही रे बाबा. पण प्रश्न हुशार आहे, म्हणून नीट सांगतो.

आपण 'पित्त झालंय' म्हणतो ती ॲसिडिटी. इथलं पित्त वेगळं, यकृतात तयार होणारं. त्यातली पित्ताम्लं म्हणजे साबणच समजा. जेवणातलं तूप-तेल फोडायचं काम त्यांचं. पीबीसीमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर उठते. नलिका खराब झाल्या की पित्त तुंबतं आणि साबण यकृताच्या पेशीतच साठतो. आता गंमत बघा, पेशीचा पडदाही चरबीचाच! मायटोकॉन्ड्रियाचाही तसाच. कडक पित्ताम्लं तो बिघडवतात, मग ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात आणि त्यांना आवरणारं ग्लुटाथायोन संपत जातं. हाच तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

म्हणजे मोरी तुंबलीये, आणि पावडर देणं म्हणजे नुसतं फडकं फिरवणं.

गोळी काय करते? 'उर्सो' हे नाव लॅटिनमधल्या अस्वलावरून आलंय. अस्वलाच्या पित्तात हे आम्ल भरपूर असतं, आपल्यात जेमतेम काही टक्के. (घाबरू नका, आता ते कारखान्यात बनतं.) हा सौम्य साबण. रोज घेतला की पित्तातला त्याचा वाटा जवळपास निम्म्यापर्यंत जातो, पित्त वाहतं राहतं, मायटोकॉन्ड्रिया सावरतात. प्रयोगशाळेतल्या यकृतपेशींमध्ये त्याने ग्लुटाथायोन वाढलेलंही दिसलंय. पण आजार मुळापासून जात नाही. रिपोर्ट सुधारलाय तो गोळी चालू आहे म्हणून!

मग दुप्पट घेतली तर दुप्पट फायदा? पीबीसीमध्ये डोस साधारण वजनाच्या किलोमागे 13 ते 15 मिलिग्रॅम. पीएससी नावाचा याचाच एक चुलत आजार आहे. त्यात अमेरिकेत किलोमागे 28 ते 30 मिलिग्रॅम देऊन चाचणी केली. 2009 मध्ये निकाल छापून आला. रक्तातले यकृताचे आकडे छान उतरले होते, पण मृत्यू, यकृत प्रत्यारोपणाची वेळ, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा, हे सगळं मिळून गोळीवाल्या गटातच जास्त निघालं. चाचणी मध्येच थांबवावी लागली. मला हे पहिल्यांदा वाचून धक्काच बसला होता. आकडा हिरवा झाला म्हणजे यकृत वाचलं, असं नसतं.

आणि 'नैसर्गिक' पावडरचं म्हणाल, तर 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. ग्रीन टीच्या तीव्र अर्काच्या कॅप्सूलनेही यकृत बिघडल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढ आणि आधी डॉक्टरांना दाखव.

अजून एक, मित्रा. आईला खाज सुटते का विचारलंस? रात्री तळहात-तळपाय खाजतात, झोप उडते, आणि आया सांगत नाहीत. ही गोळी खाजेवर फारशी चालत नाही, त्याचं औषध वेगळं असतं. कोलेस्टायरामिनची पुडी दिली, तर ती आणि ही गोळी यांच्यात निदान चार तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर पुडी गोळीलाच धरून ठेवते. आज घरी गेलास की विचार.