चुंबकाच्या खोलीतला दिवस

सकाळी 7.15
इंग्लंडमधल्या आमच्या रुग्णालयात एमआर-लिनॅकची तपासणी चालू आहे. दीड टेस्लाचा एमआरआय आणि त्याच्याभोवती फिरणारा किरणांचा स्रोत, असं हे जोडयंत्र. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टला 2017 मध्ये त्यावर पहिले उपचार झाले. आज शिकायला आलेल्या दोघा थेरपिस्टांचा हात साध्या लिनॅकवर, म्हणजे एमआरआय नसलेल्या किरणोपचाराच्या यंत्रावर, चांगला बसलेला आहे. एमआरआय मात्र त्यांना नवा.

8.00
खिसे रिकामे. साध्या लिनॅकवर किरण बंद केले की खोलीत बिनधास्त जाता येतं, इथलं चुंबक रात्रंदिवस चालूच असतं. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा एक नातेवाईक यंत्राकडे ओढला गेला आणि दगावला. प्रत्येक तुकडीला मी हे सांगते. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट याबद्दल रुग्णाला तोंडी विचारायचं, फॉर्मवरच्या खुणेवर विसंबायचं नाही. वेल्डिंग करताना डोळ्यात कण गेला होता का, हे माणसाला बोलता बोलताच आठवतं. मग सराव: रुग्णाचं हृदय बंद पडलं तर त्याला आधी बाहेर आणायचं आणि मदतीला धावत येणाऱ्यांना दारातच अडवायचं.

9.30
प्रोस्टेटचा रुग्ण, पाचांपैकी दुसरा उपचार. आजच्या स्कॅनमध्ये मूत्राशय जास्त भरलंय, प्रोस्टेट सरकलंय. सीटीवर धूसर दिसणारी त्याची कड इथे उठून दिसते, पण ती ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. पूर्वी हे कंटूर, म्हणजे स्कॅनवर अवयवांच्या कडेने आखलेल्या रेषा, डॉक्टरच काढत. आता थेरपिस्ट ते दुरुस्त करायला शिकताहेत. कंटूर झाले की नवा प्लॅन, फिजिसिस्टची तपासणी, आणि तोवर मूत्राशय भरतच असतं. रेषा घोटत बसलं तर ती जुनी होते. म्हणून किरण सोडण्याआधी पुन्हा स्कॅन.

12.30
जुन्या, नावं काढलेल्या स्कॅनवर कंटूरिंग. डॉक्टरांच्या रेषेशी पडताळणी. सर्वांत जास्त फरक प्रोस्टेट आणि मूत्राशय मिळतात तिथे पडतो, त्यामुळे तासभर तेवढीच जागा. ठरावीक केसेस झाल्या म्हणून शिकाऊ माणसाला मोकळं सोडणं मला पटत नाही. ‘इथे डॉक्टरांना बोलवा’ हे ज्याला वेळेवर सुचतं, तो तयार झाला.

3.00
रुग्णाला आत कसं वाटतं ते कळावं म्हणून दोघंही आळीपाळीने यंत्रात झोपले. अंगावर कॉइल, कानात बोळे, कानठळ्या बसवणारा आवाज.

5.00
उद्याचा पहिला रुग्ण स्वादुपिंडाचा. टार्गेट श्वासाबरोबर हलणार, आणि जठर-आतडं त्याला अगदी चिकटून. तिथे कंटूर डॉक्टरच काढतील. या दोघांनी शेजारी उभं राहून बघायचं.