फ्रेंच हॉर्न : बोटें आणि कान

कामठीची लष्करी छावणी १८२१ सालीं वसली आणि आज येथें ब्रिगेड ऑफ दि गार्ड्स या रेजिमेंटचें केंद्र आहे. बँडाचे सूर त्यामुळें या गांवास परके नाहींत. मोठ्या लष्करी बँडांत नळीच्या गोल वेटोळ्याचें व रुंद कर्ण्याचें जें पितळी वाद्य असतें, तें फ्रेंच हॉर्न. तें शिकूं पाहणाराची पहिली अडचण कोणती, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

पेटीची एक पट्टी दाबली कीं ठरलेला एकच स्वर निघतो. हॉर्नाचें तसें नाहीं. 'एफ' सुराच्या हॉर्नाची नळी उलगडली तर सुमारें १२ फूट भरेल. ओठ थरथरवून तिच्यांत फुंकलें, कीं एकाहि कळेस बोट न लावतां षड्ज, गंधार, पंचम आणि तार षड्ज हे चारहि स्वर निघूं शकतात. त्यांच्या कंपनांचें प्रमाण ४, ५, ६ आणि ८ असें असतें. तंबोऱ्याच्या खर्जांत जो स्वयंभू गंधार ऐकूं येतो, तोच हा गंधार. चारांतील कोणता स्वर उमटावा, हें ओठांचा ताण ठरवितो.

मधल्या स्वरांसाठीं डाव्या हाताखालीं तीन कळा असतात. कळ दाबली म्हणजे नळीस जादा तुकडा जोडला जातो, नळी लांबते व स्वर उतरतो. तर्जनीच्या कळेनें तो एक पूर्ण स्वर उतरतो, मध्यमेच्या कळेनें अर्धा व अनामिकेच्या कळेनें दीड. म्हणून ऋषभ आणि मध्यम दोन्ही तर्जनीनेंच वाजतात. धैवतास तर्जनी व मध्यमा दोन्ही लागतात. निषादास एकटी मध्यमा पुरते. हा षड्ज पेटीच्या पांढरी चारशीं जुळतो. इंग्रजी स्वरलिपींत मात्र तो 'सी' म्हणून लिहिलेला असतो.

आतां धोका ध्यानांत येईल. केवळ बोटें पाठ करणारा षड्जाऐवजीं गंधार वाजवील, आणि बोटें बरोबर असल्यामुळें त्यास आपली चूक उमगणारहि नाहीं. कळांच्या युक्तीचें पेटंट १८१८ सालीं प्रशियांत घेतलें गेलें. त्यापूर्वींचे वादक ओठ आणि कर्ण्यांतील उजवा हात यांवरच स्वर साधीत.

यास्तव नवशिक्यानें तंबोरा पांढरी चारला लावावा, स्वर आधीं गळ्यानें गावा, मग ओठांनीं धरावा आणि शेवटीं कळ दाबावी. उजवा हात कर्ण्यांत एकाच जागीं स्थिर ठेवावा, कारण तो हलला कीं स्वरहि हलतो. ज्या घरांत मुलांच्या कानांवर सरगम पडलेली आहे, तेथें या परक्या वाद्याचा निम्मा अभ्यास झालेलाच आहे.